सुमनताई आणि तांब्याची छत्री

सुमनताई गेल्याची बातमी आली तेव्हा मी ठाण्याहून, मुलीकडून परतत होतो आणि वरसाव्याच्या पुलाआधी आमची बस नेहमीसारखी अडकून पडली होती. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. राणे आंटी, बी विंग, भावपूर्ण श्रद्धांजली. खाली हात जोडलेली चित्रं. माझा विश्वास बसला नाही. याच ग्रुपने मागे एकदा सी विंगमधल्या एका आजोबांना अशीच श्रद्धांजली वाहिली होती, आणि आजोबा संध्याकाळी स्वतः खाली उतरून, हे कुणी टाकलं, असं विचारत फिरत होते. मी माधवीला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन लावला. ती म्हणाली, "हो, खरं आहे." मी विचारलं, "नक्की? डॉक्टर येऊन गेले का? कुणी पाहिलं?" ती म्हणाली, "मी पाहिलं. मी त्यांच्याजवळच बसलेय."

माझी संशयाची सवय जुनी आहे. विमा कंपनीत मी दाव्यांची तपासणी करायचो. जळालेलं दुकान खरंच जळालं की जाळलं, अपघात झाला की घडवला, हे शोधण्यात सगळी नोकरी सरली. निवृत्त झालो, भाईंदर पश्चिमेच्या या सोसायटीत आलो, तरी डोकं तसंच चालत राहिलं. सुमनताईंची आणि माझी ओळखही संशयातूनच झाली.

आमची आणि त्यांची भिंत एक. राहायला आल्यावर काही दिवसांतच लक्षात आलं की दुपारचा चहा व्हायच्या वेळेला त्या भिंतीपलीकडून काहीतरी विचित्र ऐकू येतं. आधी एक ऑर्गन, देवळातला नव्हे, चर्चमधलाही नव्हे, कुणीतरी पाण्याखाली वाजवावा तसा. मग गिटार, पण उलटी, म्हणजे सूर संपतो तिथून सुरू झाल्यासारखी. मग दूरवरून कुणीतरी गातंय की रडतंय, तेही कळू नये. रोज तेच. शेजारी एकटी राहणारी, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, केस घट्ट बांधणारी, सुती साडी नेसणारी बाई. मला आधी वाटलं टीव्ही बिघडलाय. मग वाटलं ही बाई कुठल्यातरी बाबाच्या नादी लागलीय आणि हे त्यांचं ध्यानाचं संगीत आहे. आमचे सेक्रेटरी मेहताभाई मला जिन्यात थांबवून म्हणाले, "साठेसाब, आप तो बाजू में रहते हो. आंटी के घर में चल क्या रहा है?" मी म्हटलं, "पता करता हूँ." त्या कामात मला सुख होतं, हे नाकारत नाही.

पण शोध घ्यायची वेळच आली नाही. एका दुपारी सुमनताईंनीच आमची बेल वाजवली. हातात फोन होता. म्हणाल्या, "साठे, तुमचं इंग्रजी चांगलं आहे असं माधवी म्हणते. एक मेसेज लिहिलाय, व्याकरण बघता का?" मेसेज इंग्लंडमधल्या कुणा डेरेक नावाच्या माणसाला होता. माझ्या डोक्यात घंटाच वाजली. एकटी बाई, निवृत्त, परदेशी अनोळखी पुरुष, मोबाइल. रोज पेपरात येतं तेच. मी त्यांना बसवलं आणि उलटतपासणी घ्यावी तसं विचारायला लागलो. हा कोण? कुठे भेटला? त्याने काय मागितलं? त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "त्याने काही मागितलेलं नाही. त्याला अजून मी माहीतच नाही. मला त्याच्याकडून हवंय." आणि मग, चहा निवेपर्यंत, त्यांनी मला अरुणची गोष्ट सांगितली.

अरुण त्यांचा मधला भाऊ. गिरगावात दोन खोल्यांत आई, थोरला दादा, अरुण आणि ही धाकटी सुमन. वडील लवकर गेलेले. अरुण कॉलेजात गेला आणि गोव्याकडच्या मित्रांच्या नादाने गिटार शिकला. साठचं दशक संपत आलं होतं. परदेशी पोरं गाड्या घेऊन जमिनीच्या रस्त्याने हिंदुस्थानात येत होती, लांब केस, अनवाणी, आणि तशीच परत जात होती. त्यातल्या काहींशी अरुणची मैत्री झाली आणि एका सकाळी तो त्यांच्या गाडीत बसून निघून गेला. जाताना आईला म्हणाला, गोव्याला जातोय. सुरुवातीला एकदोनदा खुशाली आली, कुठल्या कुठल्या देशांतून. मग काही नाही. दादाने चौकशा केल्या, थकला, आणि काही वर्षांनी सर्वपित्रीला त्याचं पान वाढायचं ठरवलं. तेव्हा सुमनताईंनी आयुष्यातलं एकमेव मोठं भांडण केलं. "जिवंत माणसाचं पान वाढायचं नाही," असं म्हणून त्या पानासमोर आडव्या उभ्या राहिल्या. आई त्यांच्या बाजूने होती. आईने तर गिरगावची जागा सोडायलाच नकार दिला, का, तर अरुणला दुसरा पत्ता कुठे माहीत आहे? आई गेल्यानंतरच दादा भाईंदर पूर्वेला गोडदेवला आणि सुमनताई इकडे पश्चिमेला आल्या. निघताना त्यांनी गिरगावात खालच्या वाण्याला, इस्त्रीवाल्याला, वरच्या बिऱ्हाडाला नवा पत्ता तोंडपाठ करायला लावला होता.

"मग हे गाणं?" मी विचारलं.

निवृत्तीनंतर भाची प्राचीने त्यांना मोबाइल घेऊन दिला होता. त्यावर त्या अरुण वाजवायचा तसलं संगीत शोधून ऐकायच्या. एक संपलं की फोन आपोआप दुसरं लावतो. तसं एकदा हे लागलं. बँडचं नाव 'द कॉपर अम्ब्रेला', तांब्याची छत्री. कुणाला माहीत नसलेला बँड, एकच तबकडी काढली, मोजक्या प्रती, मग मंडळी पांगली. त्यातलं एक लांबलचक गाणं. त्याच्या मध्यावर सगळी वाद्यं एकाएकी थांबतात, तट् असा आवाज होतो, मागून कुणीतरी दोन शब्द बोलतं, कुणीतरी हसतं, आणि वाद्यं पुन्हा सुरू होतात. "ऐका," त्या म्हणाल्या आणि फोन माझ्या कानाशी धरला.

मी ऐकलं. "आय गो," मी म्हटलं. "मी जातो. गाण्यातलेच शब्द असतील."

"आई गं," त्या म्हणाल्या. "नीट ऐका. आई गं म्हणतोय तो."

मी परत ऐकलं. परत आय गो. तिसऱ्यांदा ऐकताना वाटलं की कुणी गोव्याचा माणूसही असू शकतो, तो आईला आय गो असंच म्हणेल. हे मी बोललो तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी खोटे दावे आणणाऱ्यांकडे पाहायचो. "साठे, मी एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलंय," त्या म्हणाल्या. "नुसत्या हॅलोवरून मला माणसं कळायची. हा अरुचा आवाज आहे."

माणसाला जे ऐकायचं असतं ते ऐकू येतं, हे मी शेकडो जबाबांतून शिकलो होतो. त्यामुळे माझा विश्वास बसला नाही, पण प्रकरणाने मला धरून ठेवलं. डेरेक हा त्या बँडचा ड्रमवादक, हयात असलेला बहुधा एकटाच. कुणा चाहत्याच्या इंटरनेटवरच्या पानावर त्याचा ठावठिकाणा होता. मी सुमनताईंना अट घातली. मेसेजमध्ये भावाचा उल्लेख नको. नाव नको, तो हिंदुस्थानातला हेही नको. एवढंच विचारायचं की त्या थांब्यात बोलतंय कोण. नाहीतर म्हातारा माणूस, कुणीतरी आठवण काढली म्हणून खूश होईल आणि तुम्ही म्हणाल त्याला हो म्हणेल. "तुम्ही त्याच्या तोंडात उत्तर घालायचं नाही," मी म्हटलं. "अरुणबद्दल असं काही सांगा जे फक्त घरच्यांना माहीत आहे. ते आपण राखून ठेवू."

त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "तो डावखुरा होता. मित्राची गिटार घेऊन शिकला, मित्र उजवा. तारा बदलून देईना. मग अरुने ती तशीच उलटी धरून वाजवायला घेतली. जाड तारा खाली, बारीक वर. सगळे हसायचे त्याला."

"हे कुठे लिहिलंय का कधी? कुणाला सांगितलंय?"

"नाही."

डेरेकचं उत्तर यायला बरेच दिवस लागले. लिहून सांगण्यापेक्षा बोलतो म्हणाला. रविवारी दुपारी चहाच्या वेळेला, त्याच्याकडे तेव्हा सकाळ, फोन टेबलावर स्टीलच्या डब्याला टेकवून सुमनताई, माधवी आणि मी बसलो. पडद्यावर एक टक्कल पडलेला, स्वेटर घातलेला म्हातारा, मागे धुतलेल्या कपबशा. तो बोलायचा ते मी मराठीत सांगायचो, आणि सुमनताईंचं इंग्रजीत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण त्या दिवशी त्या एक शब्द इंग्रजीत बोलल्या नाहीत.

मी विचारलं, तो आवाज कुणाचा?

"तो होय? तो हॅरी," डेरेक म्हणाला.

मी सुमनताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. हॅरी म्हणजे प्रकरण मिटलं. तेवढ्यात डेरेक पुढे म्हणाला, "त्याचं खरं नाव वेगळं होतं, आम्हाला घेता यायचं नाही. तुमच्याकडचाच मुलगा. प्रत्येक वाक्याआधी आरे, आरे करायचा. म्हणून आम्ही हॅरी म्हणायला लागलो."

सुमनताईंनी माझा दंड धरला. मी मराठीत म्हटलं, "थांबा. अरे तर सगळेच म्हणतात. आपल्याकडून तेव्हा कितीतरी पोरं गेली असतील." आणि डेरेकला विचारलं की त्या थांब्यात झालं काय होतं. गिटारची तार तुटली, तो म्हणाला. हॅरीचं बोट कापलं, तो काहीतरी ओरडला, आम्ही हसलो. नंतर ऐकताना ते आवडलं म्हणून ठेवून दिलं. "तबकडीवर नाव मात्र त्याचं नाही. चूक आमचीच. तो त्या हिवाळ्यापुरताच आमच्यात होता."

मग मी माझा राखून ठेवलेला प्रश्न काढला. अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वाजवायचा कसा?"

डेरेक म्हणाला, "विचित्र." आणि त्याने हातात गिटार असल्यासारखे हात धरले. उलटे. "डावरा होता, पण तारा उजव्याच्या. जाड तारा खाली. आमच्या गिटारवाल्याशी त्यावरून भांडण व्हायचं..."

माधवीने सुमनताईंच्या पाठीवर हात ठेवला. मी तरीही सुमनताईंना विचारलं, "हे तुम्ही त्याला कधी कळवलं नव्हतं ना? नक्की?" त्यांनी फक्त मान हलवली. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या पडद्यावरच्या त्या हातांकडे पाहत होत्या.

मग मी डेरेकला सांगितलं की या त्याची बहीण, आणि पुढचं विचारणं आलंच. तो आता कुठे आहे? डेरेकने कप उचलला, परत ठेवला. मग सांगितलं. तो हिवाळा संपल्यावर हॅरी दुसऱ्या कुणा वादकांबरोबर समुद्राकाठच्या एका शहरात गेला. पुढच्या थंडीत आजारी पडला, छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. त्या वादकांपैकी एकजण गिटार परत द्यायला आला, त्याने सांगितलं. "कुणाला कळवायचं ते आम्हाला माहीत नव्हतं," डेरेक म्हणाला. "तो घरचं फारसं बोलायचा नाही. कधीतरी म्हणायचा की नाव झाल्यावर परत जाईन."

माझ्यातला तपासनीस लगेच जागा झाला. मी विचारायला लागलो. कुठला दवाखाना? गिटार आणणाऱ्याचं नाव काय? तुम्ही स्वतः पाहिलंत का? कुणीतरी येऊन सांगितलं आणि तुम्ही मानलंत? डेरेक गोंधळला. तिकडच्या वादकाचं नाव त्याला आठवेना. मी आणखी काही विचारणार तोच सुमनताई म्हणाल्या, "साठे, पुरे."

मग त्यांनी पदर सारखा केला, फोनच्या जवळ सरकल्या, आणि म्हणाल्या, "त्याला विचारा, तो जेवायचा का नीट?"

मी विचारलं. डेरेकचा चेहरा बदलला. तो हसला. म्हणाला, घरात एकच मोठं भांडं होतं. हॅरी त्यात भात करायचा, कांदा नि काहीबाही घालून, आणि सगळ्यांना हाताने जेवायला लावायचा. नारळ नारळ करायचा. तिथे नारळ कुठला? शेवटी डेरेकच्या आईने कुठूनतरी सुक्या खोबऱ्याच्या किसाचा डबा आणून दिला. हॅरीने तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चमच्याने संपवला. "माझी आई त्यानंतर दर आठवड्याला विचारायची, तो मुलगा येणार आहे का जेवायला?"

हे मी मराठीत सांगितलं तेव्हा सुमनताई रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. जरा वेळाने म्हणाल्या, "कुणाची तरी आई विचारत होती म्हणजे..." वाक्य पुरं केलं नाही.

त्या वर्षी सर्वपित्रीला त्यांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. दादा तोवर गेले होते; प्राची आली होती. खिडकीपाशी पानं मांडली होती. आईचं, वडिलांचं, दादाचं, आणि त्यांच्या शेजारी आणखी एक. भातावर ओलं खोबरं. मी त्या पानाकडे पाहिलं हे त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "मला पटलंय असं समजू नका. त्या डेरेकने तरी कुठे डोळ्यांनी पाहिलंय? पण आता वाढायला हरकत नाही. गेला असला तर पोचेल. असला तर कुठेतरी उचकी लागेल त्याला." मी इतकी वर्षं लोकांच्या बोलण्यातल्या फटी शोधल्या, पण माणसाला संशय आणि श्राद्ध एकाच घरात असे शेजारी शेजारी ठेवता येतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्यानंतर रविवारची दुपार डेरेकची झाली. सुरुवातीला मी दुभाष्या म्हणून जायचो. मग त्यांनी मला नको म्हटलं. "तुम्ही सारखं मध्ये विचारता." भिंतीपलीकडून मला त्यांचं इंग्रजी ऐकू यायचं, एक्स्चेंजमधलं, स्पष्ट, थोडं अधिकारवाणीचं. डेरेक त्यांना एकेक गाणं समजावून सांगायचा, कोण काय वाजवतंय, कुठे अरु आहे, कुठे नाही. पूर्वी त्यांना ते दोन शब्दच काय ते भावाचे वाटायचे. आता कळलं की ऑर्गनखाली जी गिटार सतत वाजत राहते, ती जवळजवळ सगळी त्याची. एकदा मला बोलावून त्यांनी ते ऐकवलं. "इथे बघा, घाई करतोय. लहानपणापासून तसाच, जेवतानाही." मला सगळी गिटार सारखीच वाटली. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी या वेळी गप्प बसलो. आणि ते दोन शब्द... मला आजही आय गो असंच ऐकू येतं. माझे कान तसेच आहेत.

त्या गेल्या त्या दुपारी कुठलीच तक्रार नव्हती. भिंतीपलीकडून चहाच्या वेळेला काही ऐकू आलं नाही म्हणून माधवी गेली. दार लोटलेलंच होतं.

तेराव्यानंतरच्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी प्राचीला आवराआवर करायला मदत करत होतो. भांडी खोक्यांत भरली होती, गादी गुंडाळून ठेवली होती. सुमनताईंचा फोन प्राचीच्या पर्समध्ये वाजला. डेरेक. प्राचीने तो माझ्या हातात दिला. "काका, मधल्या रविवारीही मी उचलला नाही. मला नाही जमणार."

सुमनताई गेल्या, मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "तुम्ही कोण बोलताय?"

मी नाव सांगितलं, पहिल्या दिवशीची आठवण दिली. त्याने डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. म्हणाला, "मला आठवत नाही. लोक म्हाताऱ्या माणसांचे फोन घेतात आणि मग भलत्याच गोष्टी सांगतात. मुलगा मला रोज बजावतो. सुमनला फोन द्या." मी परत सांगितलं. तो म्हणाला, "कशी गेली? कुणी पाहिलं? तुम्ही स्वतः पाहिलंत का?" मी पाहिलं नव्हतं. मी तेव्हा पुलाजवळ बसमध्ये होतो. माधवीला पुढे केलं, तिने सांगितलं. तरी त्याचा विश्वास बसेना. आणि मला त्याचा राग आला नाही. कुणीतरी माझ्यावर असा संशय घेण्याइतकं सुमनताईंना जपत होतं, याचं मला बरंच वाटलं.

"तिच्या घरी आहात ना?" तो म्हणाला. "मग खिडकीतून काय दिसतं ते दाखवा. ती मला रविवारी दाखवायची."

मी फोन खिडकीशी नेला. इमारतींच्या मधल्या फटीतून पलीकडची मिठागरं दिसतात. उन्हाळा लागतोय, पाणी आटायला आलंय, बांधांवर मिठाचे पहिले छोटे ढीग पडलेत. मी कितीतरी वर्षं इथे राहून कधी थांबून पाहिलं नव्हतं. डेरेक हळूच म्हणाला, "ढीग लागले म्हणजे. शेवटच्या रविवारी वाट बघायला सांगितलं होतं तिने." आणि त्याने चष्मा काढला.

त्या जागेत आता प्राचीने भाडेकरू ठेवलेत. आमच्या गॅलरीतूनही ती मिठागरं दिसतात, थोडं वाकावं लागतं. रविवारी चहा ठेवला की डेरेकचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार नाही, आधी म्हणतो, दाखवा. मी फोन बाहेर धरतो. तो ढीग किती वाढले ते पाहून घेतो, मी मीच आहे याची खात्री करतो, आणि मग म्हणतो, "हं, लावा आता गाणं."